पापणीचा र

पाटबंधारे खात्यात श्रीशैल कोरेला सगळे तक्त्यांचा वैद्य म्हणायचे. कुणाची स्प्रेडशीट अडली, बेरीज रुसली, की माणूस चहाचा कप घेऊन त्याच्या टेबलाशी हजर. आणि आता निवृत्त होऊन मिरजेच्या घरात अक्काच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसल्यावर त्याच स्प्रेडशीटने त्याला नाक घासायला लावलं होतं.

‘डेटाबेसशी जोडणी होऊ शकली नाही. पुन्हा प्रयत्न करा.’

त्याने पुन्हा प्रयत्न केला. पडद्यावर तेच वाक्य तितक्याच थंडपणे पुन्हा उमटलं. चुकतंय काय ते सांगायचं नाही आणि वर पुन्हा प्रयत्न करा म्हणायचं, असा साहेब त्याला नोकरीत एकदा भेटला होता. त्याची बदली तरी झाली होती.

पलंगावर महानंदाअक्का डोळे उघडे ठेवून पडली होती. श्रीशैलची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर हिनेच त्याला वाढवलं आणि त्या नादात स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. एस.टी.त ती कंडक्टर होती. आताच्या गाड्या आपापल्या चालतात, त्यांच्यात ड्रायव्हर नाही, घंटी नाही आणि शिव्याही नाहीत. अक्का शेवटच्या कंडक्टरांतली. मिरज-जत गाडीत दारात उभी राहून ती ओरडली, की मागच्या बाकावरचं झोपलेलं पोर उठून पुढच्याला जागा द्यायचं. तोच आवाज आजाराने गिळला. आधी हात गेले, मग पाय, मग गळा. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरत गेल्या. डोकं लख्ख होतं, पण तिच्या ताब्यात उरल्या होत्या फक्त नजर आणि पापण्या. हो म्हणायचं असेल तर ती डोळे घट्ट मिटायची, नाही म्हणायचं असेल तर उघडे ठेवायची.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टर तांबोळींनी स्वरसेतूचं सुचवलं. कवटीच्या आत, मेंदूचा जो भाग जीभ आणि ओठ हलवतो त्याच्यावर, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ पट्टी बसवतात. माणूस बोलायचं मनात आणतो तेव्हा तिथल्या पेशी हुकूम सोडतातच. तो हुकूम ओठांपर्यंत पोचत नाही, एवढंच. पट्टी तो वाटेतच ऐकते आणि उशाशी ठेवलेल्या डबीला कळवते. डबी त्या हुकुमाचा शब्द ओळखून माणसाच्या जुन्या ध्वनिमुद्रणातून तयार केलेल्या आवाजात तो बोलून दाखवते.

गोम अशी, की प्रत्येकाचा मेंदू ‘पाणी’ हा शब्द आपल्याच पद्धतीने उच्चारायला घेतो. म्हणून प्रत्येकाचा वेगळा नकाशा लागतो: कुठली खूण म्हणजे कुठला शब्द. शिवाय पट्टी केसभर सरकते, पेशी थकतात, आणि खुणा दर आठवड्याला थोड्या बदलतात. नकाशा तेवढाच दुरुस्त करत राहावा लागतो. हा नकाशा दूरच्या सर्व्हरवर, डेटाबेसमध्ये कुलूपबंद असतो. घरच्या माणसाला तो साध्या स्प्रेडशीटमध्ये उतरवून बघता आणि सुधारता आला पाहिजे, असा कायदा आहे. एका ओळीत एक शब्द, पुढे त्याच्या खुणा. एवढं मोठं यंत्र शेवटी आपल्या स्प्रेडशीटवर येऊन टेकलं, याचा श्रीशैलला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता.

पहिल्या दिवशी डबीतून अक्काचा अस्सल आवाज आला होता, “शिऱ्या, गाढवा, रडतोस काय?” शिऱ्या म्हणजे तोच. जगाने त्याला श्रीशैल म्हटलं, साहेब म्हटलं. अक्काने भर ऑफिसात फोन करूनसुद्धा शिऱ्याच म्हटलं. साहेब झाल्यावर त्याला ते फार लागायचं. त्या दिवशी मात्र तो ढसाढसा रडला.

आणि मग हे अपडेट आलं. एका सकाळी स्प्रेडशीटने स्वतःला नवीन करून घेतलं आणि साठवलेल्या सगळ्या जोडण्या ‘आपल्या सुरक्षिततेसाठी’ पुसून टाकल्या. कुणी मागितली होती ही सुरक्षितता, देव जाणे.

त्याने आधी लॅपटॉप बंद करून चालू केला, कारण निम्म्या रोगांवर तेच औषध असतं. मग राउटरला तीच मात्रा दिली. मग त्याच्या लक्षात आलं, की स्प्रेडशीट आणि डेटाबेस यांच्यामध्ये जो दुभाषा प्रोग्राम असतो, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो जुनाच राहिला आहे. नवी सून आणि जुनी सासू, दोघींचं पटेना. त्याने नवा ड्रायव्हर घातला. तर मग फायरवॉल आडवी आली. तिने नव्या ड्रायव्हरला चोर समजून दारातच धरलं. तिची समजूत घातली. प्रत्येक वेळी चूक वेगळी, वाक्य मात्र तेच. या सगळ्या काळात खिडकीत ठेवलेल्या मोबाइलवर कंपनीचं मदतकेंद्र लावलेलं असायचं. स्पीकरवर सनई, मध्येच ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’, की पुन्हा सनई. फोन ठेवला तर रांगेतली जागा जायची, म्हणून ठेवायची सोय नव्हती. दिवसचे दिवस तो असा एका हाताने अक्काला नळीतून भरवत आणि दुसऱ्या हाताने बटणं दाबत बसला.

तिकडे डबीचं वेगळंच सुरू झालं. तिलाही नकाशा लॅपटॉपच्या याच जोडणीतून मिळायचा; तो मिळेना, तेव्हा ती सामान्य प्रारूपावर गेली. सामान्य प्रारूप म्हणजे लाखो लोकांच्या बोलण्यावरून बनवलेला अंदाज. अर्धवट खूण सापडली, की अशा वेळी बहुतेक लोक काय म्हणतील ते ठरवून डबी मोकळी व्हायची; घरच्यांची नावं तेवढी नोंदणीच्या अर्जातून उचलायची. आणि बहुतेक लोक, कंपनीच्या मते, फार सभ्य असावेत.

“श्रीशैल, थोडा चहा मिळू शकेल का?” डबी म्हणाली.

उभ्या जन्मात अक्का असं बोलली नव्हती. ‘चहा टाक की रे’ असं म्हणायची ती. आवाज तिचाच होता, म्हणून तर ते जास्त झोंबलं. बहिणीच्या गळ्यातून बातम्या देणारी बाई बोलत होती.

“अक्का, थांब जरा. करतोय मी नीट,” तो म्हणाला.

“आपल्या प्रयत्नांबद्दल आभारी आहे,” डबी म्हणाली. अक्काचे डोळे मात्र नुसते जळत होते.

फायरवॉल सुटली त्या दुपारी पडद्यावर पहिल्यांदा नवं वाक्य आलं. ‘सर्व्हर सापडला. किल्ली टाका.’ श्रीशैलला नारळ फोडावासा वाटला. पण किल्ली त्याच्याकडे नव्हती. ज्याचा आवाज, त्याचीच किल्ली, असा नियम. अक्काची बोटं जेमतेम चालत होती तेव्हा तिने स्वतःच्या फोनवर ती टाकली होती आणि फोनने लॅपटॉपला कळवली होती. त्यानंतर ती कुणाला पुन्हा टाकावीच लागली नाही.

“अक्का, किल्लीचा शब्द काय ठेवलावतास?”

“श्रीशैल,” डबी म्हणाली.

त्याने ‘श्रीशैल’ टाकलं. प्रवेश नाकारला. इंग्रजीत टाकलं. नाकारला. खाली तांबड्या अक्षरांत सूचना होती, की आणखी दोनदा किल्ली चुकली तर कुणी परका घुसतो आहे असं समजून शब्दसाठा, म्हणजे अक्काचा अख्खा नकाशा, कायमचा पुसला जाईल.

नेमकं तेव्हाच मदतकेंद्रावर खरं माणूस लागलं. ऋजुता नावाची मुलगी, आवाजावरून भली वाटली.

“सर, किल्ली आम्हालाही दिसत नाही. विसरली असेल तर साठा पुसून नव्याने सुरू करावं लागेल.”

“नव्याने म्हणजे? पट्टी पहिल्यांदा बसवली तेव्हा अक्काचे ओठ थोडे तरी हलत होते. त्यावरून शब्द जुळवलेत. आता कशावरून जुळवणार?”

“मग सामान्य प्रारूपच राहील, सर. ते खूप सुधारलं आहे आता.”

“बाई, त्या सुधारण्यानंच तर जीव नकोसा केलाय.”

“मी वरिष्ठांशी जोडते,” ती म्हणाली, आणि सनई सुरू झाली.

श्रीशैलने कपाळाला हात लावला. त्या तिरीमिरीतच त्याच्या डोक्यात उजेड पडला. चहा टाक की रे, याचं डबी ‘चहा मिळू शकेल का’ करते. मग अक्काने श्रीशैल कधी म्हटलंय? ती बिचारी शिऱ्याच म्हणत असणार, आणि डबी त्याला कोट-टाय घालून बाहेर पाठवत असणार.

“अक्का, शिऱ्या? शिऱ्या ठेवलावतास किल्लीला?”

अक्काने डोळे घट्ट मिटले. हो.

त्याने एकेक अक्षर जपून टाकलं. शिऱ्या. डोळे लावून तपासलं. बटण दाबलं.

प्रवेश नाकारला. आता एकच प्रयत्न शिल्लक.

तो पडद्याकडे बघतच राहिला. शब्द बरोबर होता, अक्काने हो म्हटलं होतं, एक वेलांटी इकडची तिकडे नव्हती. याला काय म्हणावं? धरणाच्या दरवाज्यांपासून मंत्र्यांच्या दौऱ्यापर्यंत त्याने काय काय सांभाळलं होतं, आणि बहिणीने ठेवलेलं स्वतःचंच नाव त्याला लिहिता येत नव्हतं. त्याने लॅपटॉपचं झाकण आपटलं.

“श्रीशैल,” डबी म्हणाली, “कृपया हे बंद करा. मला सहन होत नाही.”

हे ती आज पहिल्यांदाच म्हणत नव्हती. गेल्या काही दिवसांत अधूनमधून म्हणायची, आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. यंत्राच्या साहाय्याने केलेली अशी विनंती आपोआप डॉक्टरांकडे नोंदली जाते, हे त्याला माहीत होतं. रुग्णाला नको असेल तर स्वरसेतू बंद करायचा त्याला हक्क आहे. आणि असं नोकरचाकरासारखं गोड बोलत जगण्यापेक्षा गप्प पडावं असं अक्कासारख्या बाईला वाटलं, तर त्यात नवल ते काय?

त्याने तिचा हात हातात घेतला. यंत्राचं नाव काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

“बंद करू, अक्का?”

अक्काने डोळे घट्ट मिटले. उघडले आणि पुन्हा मिटले. इतक्या जोरात, की कडांना पाणी आलं.

पुढचं विचारायचं धाडस त्याला झालं नाही. खिडकीतला मोबाइल उचलून तो बाहेरच्या खोलीत गेला, मदतकेंद्राचा कॉल तोडला आणि डॉक्टर तांबोळींना फोन लावला.

“माझ्याकडेही नोंदी आल्या होत्या,” डॉक्टर म्हणाले. “मी तुमच्या फोनची वाट बघत होतो. उद्या संध्याकाळी येतो. मी स्वतः विचारीन त्यांना, त्याशिवाय काही करणार नाही. पण एकदा साठा मिटवला की परत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे.”

“आणि कोरे, पट्टीच्या खुणा फार सरकल्यात. जोडणी होणार असली तरी आता फार दिवस नाहीत तुमच्याकडे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने अक्काला आंघोळ घातली, वेणी घातली, धुवट पातळ नेसवलं. घरात कार्य असल्यासारखं सगळं केलं आणि ते लक्षात आल्यावर स्वतःचीच चीड आली. तरीही मदतकेंद्राला फोन लावून तो खिडकीत ठेवलाच. आशा सुटत नव्हती, किंवा सवय सुटत नव्हती. सनई वाजायला लागली.

“कृपया हे बंद करा,” डबी म्हणाली.

“संध्याकाळी येणारेत डॉक्टर,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. अक्काचे डोळे त्याच्यावर रोखलेले राहिले.

तिच्या बरोबरीच्या कंडक्टर शिराळकरबाई तेवढ्या उरल्या होत्या. त्यांना कळवायला हवं, येऊन भेटून जातील. त्यांचा नंबर अक्काच्या जुन्या फोनमध्येच होता. त्याने कपाटातून फोन काढला, चार्जिंगला लावला, आणि नाव शोधायला ‘शि’ टाकलं.

टाकलं मात्र, कीबोर्डच्या वर फोनने स्वतःहून शब्द पुढे केला. ‘शिऱ्या’.

श्रीशैल थबकला. त्याने त्या शब्दावर बोट ठेवलं. फोनने लगेच पुढचा सुचवला, ‘गाढवा’. त्यावर बोट ठेवलं, तर ‘जेवलास’. मग ‘का’.

तो तसाच पलंगाच्या कडेवर बसला. अक्काची बोटं थांबून दोन वर्षं झाली होती. लाखो लोकांचं बोलणं प्यायलेल्या त्या हुशार डबीला तिचा एक शब्द धड सांगता येत नव्हता, आणि हा कपाटातला अडगळीतला फोन तिचं बोलणं तोंडपाठ करून बसला होता. आता मात्र त्याचे डोळे भरून आले.

पण हाडाचा कारकून होता तो. रडता रडताच त्याच्या मनात एक शंका सरकली. अक्काने किल्ली टाकली ती या फोनवर. आपण टाकली ती लॅपटॉपवर. शब्द तोच, पण पाट वेगळा.

त्याने फोनमधला ‘शिऱ्या’ लॅपटॉपवर पाठवला आणि स्प्रेडशीटच्या एका चौकटीत ठेवला. शेजारच्या चौकटीत स्वतः ‘शिऱ्या’ टाइप केला. दोन्ही शब्द जुळ्या भावांसारखे. मग त्याने तिसऱ्या चौकटीत सूत्र घातलं, दोन्ही तंतोतंत सारखे आहेत का ते बघणारं.

उत्तर आलं: असत्य.

“आयला,” तो एवढंच म्हणाला.

त्याने दोन्हींची लांबी मोजून घेतली. त्याचा शिऱ्या अक्काच्या शिऱ्यापेक्षा एका अक्षराने लांब भरला, आणि ते जादा अक्षर कुठे दिसतच नव्हतं. मग त्याच्या सगळं ध्यानात आलं. मराठीत र चे अनेक वेश. सूर्यातला डोक्यावर बसतो, चक्रातला पायाशी लोळतो, आणि वाऱ्यातला, दुसऱ्यातला, शिऱ्यातला हा मिटल्या पापणीसारखा आडवा पडतो. हा शेवटचा खास आपला लाडका. बाहेरच्यांना त्याची फारशी गरज पडत नाही. त्यामुळे संगणकात तो लिहायच्या दोन वाटा होऊन बसल्या. एका वाटेत खाली टिंब असलेल्या ऱ चा पाय मोडतात. दुसऱ्या वाटेत साध्या र चा पाय मोडून त्याच्यापुढे एक न दिसणारा सांधा ठेवतात. पडद्यावर दोन्ही पापण्या सारख्याच. माणसाचा डोळा फसतो, डेटाबेसचा नाही. अक्काच्या फोनने पहिली वाट धरली होती, त्याच्या लॅपटॉपने दुसरी. हे कंपनीत कुणाच्या ध्यानात येणार? त्यांच्यातल्या कुणाला आयुष्यात शिऱ्या म्हणून हाक मारली होती?

प्रयत्न एकच उरला होता. चुकला असता तर संध्याकाळची वाटही बघावी लागली नसती. त्याने अक्काकडे बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

त्याने फोनमधला शब्द उचलला, किल्लीच्या जागी ठेवला, हात जोडले आणि बटण दाबलं.

गोल चकरी फिरली. फिरतच राहिली. मग पडद्यावर उमटलं, ‘जोडणी झाली’, आणि रिकाम्या तक्त्यात एकेक ओळ उतरायला लागली. तिकीट. भाड्या. मागं सरका. मुडद्या. लिंबाचं लोणचं. अक्काचा अख्खा जन्म खालीखाली सरकत चालला होता. उशाशी डबीचा पिवळा दिवा हिरवा झाला. खुणा सरकल्या होत्या, पण ओळखू येण्याइतक्या जाग्यावर होत्या. डबी खरखरली, अडखळली, आणि मग मिरज-जत गाडीचा तो आवाज खोलीत घुमला.

“शिऱ्या. मुडद्या. ती सनई बंद कर की आधी. आठ दिस झालं, कुणाचं लगीन लावालायस?”

श्रीशैलने खिडकीकडे बघितलं. मोबाइल इमानेइतबारे वाजत होता. कृपया हे बंद करा. मला सहन होत नाही. तिने ते जेव्हा जेव्हा म्हटलं, तेव्हा तेव्हा हीच सनई चालू होती, आणि काल त्याने ‘बंद करू?’ विचारलं तेव्हासुद्धा. 

“अक्का, म्हणजे तू हे यंत्र बंद कर म्हणत नव्हतीस?”

“यंत्र? यंत्र बंद केल्यावर तुला शिव्या कोण घालणार? त्या डॉक्टरला कळव, चहाला ये म्हणावं. साखर आण जा.”

तो हसत होता की रडत होता, त्याचं त्यालाच कळेना. हात लांबवून तो फोन उचलणार, एवढ्यात सनई आपणहून थांबली.

“नमस्कार सर, ऋजुता बोलतेय. उशीर झाला, माफ करा. वरिष्ठ आत्ता मोकळे झालेत.”

“झाली जोडणी, बाई,” श्रीशैल म्हणाला. “आत्ताच झाली.”

“अरे वा. मग सर, आपली तक्रार बंद करू का?”

त्याने तोंड उघडायच्या आत पलंगावरून उत्तर गेलं.

“कर, बाई. तेवढी बंद कर.”